जिथे विळी थांबली

सर, त्या सकाळी मी दुधाची पिशवी कापली आणि कोपऱ्याचा तुकडा सुटून सिंकमध्ये गेला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होतात, चहाची वाट बघत. गॅसवर एकीकडे चहाचं आधण, दुसरीकडे दुधाचं पातेलं, कणीक भिजवून झाकून ठेवलेली, गवार अजून निवडायची राहिलेली. मला तुमच्याकडे लागून आठवडा झाला असेल नसेल. तुम्ही म्हणालात, "कात्री पूर्ण मिटली. तुकडा पडला." मी म्हटलं, "काका, दिसलं तुम्हाला?" तर म्हणालात, "दिसत नाही म्हणून तर ऐकू येतं. आणि मला काका म्हणू नका. पुतणे पुष्कळ आहेत, एकही फिरकत नाही." सिंकच्या जाळीतून तो नखाएवढा तुकडा मी शोधून काढेपर्यंत तुम्ही चहाला हात लावला नाहीत. कोपरा पूर्ण कापायचा नाही, थोडा पिशवीला लटकत ठेवायचा, हे मी त्या दिवशी शिकले. सुटा तुकडा कुणी गोळा करत नाही, तो गटारातून नदीत जातो. पिशवीबरोबर राहिला तर भंगारवाला तरी नेतो. "ही पिशवी फाटू नये म्हणून माझ्यासारख्या किती जणांचं आयुष्य गेलंय," तुम्ही म्हणालात, "तिचा कोपरा तरी सांभाळा." मला वाटलं, डोळ्यांबरोबर यांचं डोकंही गेलेलं दिसतंय. दुधाच्या पिशवीपायी कुणाचं आयुष्य जातं का?

माझे मिस्टर जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ते खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. सकाळी डबा घेऊन गेले आणि दुपारी निरोप आला, छातीत दुखलं म्हणून. क्वार्टर सोडावं लागलं. मुलाला घेऊन मी बिबवेवाडीला भावाच्या शेजारी दोन खोल्यांत आले आणि पोळ्यांची कामं धरली. तुमचं काम तुमच्या मुलीनं बंगळूरहून फोनवर ठरवलं. "मावशी, बाबा जरा तिरकस बोलतात, मनावर घेऊ नका," ती म्हणाली, "आणि तुम्हाला वाचता येतं का हो? त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेचं तेवढं दिसतं. रोज पेपर वाचून दाखवाल?" वाचता येतं का! माझी शाळा दहावीला सुटली, पण वाचायचं काही सुटलं नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नसे. मिस्टर थट्टा करायचे, "तुला जेवायला वाढलं तर आधी ताटाखालचा पेपर वाचशील." ते गेल्यावर घरात माझ्या वाचण्याकडे बघणारं कुणी उरलं नव्हतं. तुमच्याकडे पहिल्याच दिवशी मी अग्रलेख वाचला आणि तुम्ही म्हणालात, "स्वल्पविराम पाळता तुम्ही. पुण्यात ही दुर्मीळ गोष्ट आहे." ते कौतुक होतं की टोमणा, हे कळायला मला महिना लागला.

पेपर झाला की मी भाजी चिरायला विळी घेऊन खाली बसायची आणि तुम्ही खुर्चीतच बसून राहायचात. बाहेरच्या खोलीत तुमच्या पुस्तकांची कपाटं होती, पण तिथे बसून तुम्हाला काही करता येत नसे, म्हणून असेल. एकदा तुम्ही विचारलंत, "तुमचे मिस्टर कारखान्यात काय करत?" मी म्हटलं, दारूगोळ्याच्या. "ते झालं कारखान्याचं. ते स्वतः काय करत?" मी खूप आठवून पाहिलं आणि म्हटलं, "नाही माहीत, सर. त्यांना घरी सांगायची परवानगी नव्हती." तुम्ही खुर्चीत सरळ होऊन बसलात. मग म्हणालात, "मला होती. विचारलं कुणी नाही." आणि हसलात. मला हसू आलं नाही. संसार झाला तेवढी वर्षं एकाच ताटव्यातल्या रोपांसारखं राहूनही मला माझ्या माणसाच्या हाताखालून रोज काय जात होतं ते ठाऊक नव्हतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं. म्हणून मी विचारलं, "तुम्ही काय करत होतात, सर?" खरं सांगायचं तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून विचारलं होतं. तुम्ही खुर्ची थोडी पुढे ओढलीत.

ते सांगणं पुढे दीड वर्ष चाललं. इथिलीन नावाचा वायू असतो, त्याचे लहान लहान रेणू एकापुढे एक जोडले की लांब साखळी होते, तेच पॉलिथिलीन. नुसत्या सरळ साखळ्या असल्या तर त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात आणि माल कडक होतो. त्याच्या बादल्या होतात, पण पिशवी केली तर ती चिरत जाते. म्हणून मधूनमधून दुसरा एक मोठा रेणू ओवायचा, ज्याला शेपटी असते. त्या शेपट्या बाहेर लोंबतात, साखळ्यांना दाटीनं बसू देत नाहीत, आणि पिशवी मऊ होते, ताणली तरी फाटत नाही. दोन वेगळे रेणू एकाच साखळीत, म्हणून ते सहबहुवारिक. हा शब्द तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलात आणि मी तो बसमध्ये मनात म्हणत घरी गेले. हे ओवायचं काम करणारा तो उत्प्रेरक, आणि तुमचं आयुष्य त्या उत्प्रेरकात गेलं. तुम्ही मला एक छोटी बाटली दिलीत, तुमच्या स्वतःच्या हातच्या मालाचे पांढरे दाणे होते तिच्यात. "साबुदाणा नाही. खिचडी करू नका," म्हणालात. ती मी नीट ठेवली आहे. मुलानं एकदा विचारलं, आई, हे कसलं औषध आहे? मी त्याला सांगितलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला सांगता येतंय.

सगळ्यात जास्त तुम्ही बोलायचात ते उष्णतेबद्दल. धातूचा एक अणू मध्ये आणि त्याला चहूकडून धरून ठेवणारी एक चौकट, असा तो उत्प्रेरक. जुने उत्प्रेरक भुकटीचे असत, त्यात प्रत्येक जागा वेगळी, कुठे साखळी लांब तर कुठे आखूड. तुमच्यात मात्र प्रत्येक अणूची चौकट अगदी सारखी, म्हणून मालही सारखा. पण कारखान्यात ते सगळं उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम भांड्यात करावं लागतं, कारण गार झालं की साखळ्या विरघळलेल्या राहत नाहीत, सगळं घट्ट होऊन बसतं. आणि त्या उष्णतेत तुमची चौकट सुटायची. नाहीतर साखळी अर्ध्यावर हातातून निसटायची आणि भांडं उघडलं की आत आखूड साखळ्यांचं नुसतं मेण. वर्षानुवर्षं मेण. चौकट घट्ट करावी तर शेपटीवाल्याला आत यायला जागा राहत नाही. जागा करावी तर चौकट उष्णतेत टिकत नाही. तेव्हा तुम्ही ते वाक्य म्हणालात, "दार मोठं ठेवायचं आणि चौकट हलू द्यायची नाही, एवढंच मला करायचं होतं." मी गवार मोडत होते. माझा हात थांबला. मला तुमचं काम दिसलं, माझं घर दिसलं, मिस्टर गेल्यावर मुलासाठी मी काय करत होते ते दिसलं. एका वाक्यात इतकं कसं मावतं, असं वाटून मी शेंग हातात धरून बसले. तुम्ही तोंडातल्या तोंडात म्हणालात, "हं. हे नको." मला वाटलं, तुमचं तुम्हालाच काहीतरी खटकलं असेल.

आणि प्रयोगशाळेतला तो दिवस, तुम्ही सांगितलेला. भांडं उघडलं तर मेण नाही; ढवळायच्या दांड्याला पांढऱ्या मालाचा असा पीळ बसला होता की तो सुरीनं कापून काढावा लागला. तुम्ही आणि तुमचे विद्यार्थी आळीपाळीनं कापत होतात आणि हसत होतात. स्कूटर काढून तुम्ही थेट घरी आलात. घरी बाईंकडे, म्हणजे तुमच्या मिसेसकडे, हळदीकुंकू होतं. तुम्ही त्यांना आत बोलावून सांगितलंत, अगं, टिकला, गरम भांड्यात टिकला. त्या म्हणाल्या, "पिशव्यांचं ना ते? बरं झालं बाई एकदाचं. हात धुऊन घ्या आणि बाहेर येऊ नका, बायका बसल्यात." हे तुम्ही नक्कल करून सांगितलंत. मी हसले, पण पुरणासाठी गूळ चिरत होते तो हात पुन्हा थांबला. तुम्ही पुन्हा म्हणालात, "हे नको." तशा बाई तुमच्याशी वाईट नव्हत्याच. त्यांच्या आजारपणात तुम्ही त्यांच्या वेण्या घालायचात, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. फक्त त्यांनी विचारलं नाही, आणि तुम्ही न विचारता सांगितलं नाही. पुढे काही वर्षांत परदेशातल्या कुणाचा तरी उत्प्रेरक तुमच्यापेक्षा जास्त गरम भांड्यात टिकला, मोठे कारखाने त्याच्यावर चालू झाले, आणि तुमचं काम तिथेच राहिलं. त्याचं तुम्हाला फारसं वाईट वाटत नसे. "कुणाचा का होईना, टिकला," म्हणायचात. तुम्हाला हवं होतं ते निराळंच. आपल्या भाषेत, आपल्या गल्लीतल्या माणसांना हे एकदा सांगावं आणि त्यांना ते कळावं.

म्हणून कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं बोलावणं आलं तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत. विषय तुम्हीच दिलात, उष्णतेत टिकणारा उत्प्रेरक. चिटणीस म्हणाले, "सर, जरा आकर्षक करता येईल का?" तुम्ही म्हणालात, "येईल. दुसऱ्याला बोलवा." मग रोज सकाळी मी चिरायला बसले की तुम्ही व्याख्यान म्हणायचात. लिहून ठेवून उपयोग नव्हता, वाचता येत नसे. सगळं डोक्यात बसवायचं. एक वाक्य तीन तऱ्हांनी म्हणून बघायचात. मध्येच "हे नको" म्हणून पुढे जायचात. एकदा म्हणालात, "थंडीत टिकण्याचं कौतुक नको. थंडीत सगळेच टिकतात." माझ्या अंगावर काटा आला, कोथिंबीर तशीच मुठीत राहिली, आणि तुम्ही मान हलवून ते वाक्य सोडून दिलंत. मी मध्ये बोलले नाही. तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगणार, की हे ठेवा आणि ते काढा? तुम्ही विचारायचात, "कळतंय ना, बाई?" मी म्हणायची, "हं."

व्याख्यानाच्या दिवशी मी तुम्हाला हाताला धरून जिना उतरवला. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मी नको म्हणत असताना माझ्याकडून बुटांना पॉलिश करून घेतलं होतं. "आज लोकांना मी दिसणार आहे," म्हणालात, "मला ते नाही दिसले तरी." मी शेवटच्या रांगेत, चपला काढतात तिथे बसले. पंख्यांचा आवाज, पन्नासएक माणसं, बहुतेक पेन्शनर. तुम्ही उभे राहिलात आणि बोलू लागलात. मी वाट बघत होते. आता दाराचं येईल, आता चौकटीचं येईल. नाही आलं. धातूंची नावं आली, अंश सेल्सिअस आले, बहुवारिक आणि सहबहुवारिक आले, कोणत्या वर्षी कोणती चौकट करून पाहिली ते ओळीनं आलं. दांड्यावरचा पांढरा पीळ नाही आला. थंडीत सगळेच टिकतात, हे नाही आलं. मला वाटलं, सर घाबरून विसरले. माझ्या पुढच्या बाकावरचे दोघे एकमेकांना घड्याळ दाखवत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "आपल्या विद्वत्तेबद्दल आदर आहेच. एक शंका. पूर ओसरला की मुठेकाठच्या झाडांना ज्या पिशव्या लटकलेल्या दिसतात, त्या आपल्याच का?" लोक हसले. तुम्ही म्हणालात, "फाटलेल्या नसतील तर माझ्याच." लोक आणखी हसले, टाळ्या वाजल्या, आभार झाले, बिस्किटं आली. एकानंही दुसरा प्रश्न विचारला नाही.

परत येताना तुम्ही माझा दंड घट्ट धरून चालत होतात. "कसं झालं?" विचारलंत. मी म्हटलं, "छान झालं, सर." तुम्ही म्हणालात, "छान झालं की इथले लोक भांडायला येतात. हे बिस्किटं खाऊन गेले." मी तुम्हाला खड्ड्याच्या कडेनं वळवलं. मग तुम्ही म्हणालात, "तरी जड होतं तेवढं सगळं मी काढून टाकलं होतं. तुमच्या भरवशावर." मी म्हटलं, "माझ्या?" "तुमचं ते हं मी धरलं नाही. हं तर तुम्ही भाजीवाल्यालाही म्हणता. मी तुमचा हात ऐकत होतो. हात चालू म्हणजे वाक्य आत गेलं. विळी थांबली म्हणजे बाई अडल्या. जिथे जिथे थांबली ती वाक्यं मी गाळली. एवढं करूनही कुणाला कळलं नाही." आपण तुमच्या इमारतीच्या जिन्याशी आलो होतो. तुम्ही कठडा चाचपून धरलात आणि म्हणालात, "बायकोला मी उगाच बोल लावत आलो. तिला कळलं नाही, कारण ते कळण्यासारखं नव्हतंच. मला आपलं वाटायचं, विचारणारं कुणी भेटत नाही." मी तिथे तुमच्या शेजारी उभी होते. मला सगळं माहीत होतं. मी फक्त म्हटलं, "सर, पायरी."

का नाही बोलले, याचा मी इतकी वर्षं विचार केला आहे. माझा हात अडल्यामुळे कधीच थांबला नव्हता. अडलं की मी उलट भराभर चिरायची, वर्गात न कळणारं पोर वहीत मान खाली घालून लिहीत बसतं तशी. धातूंची नावं, तापमानं, ती कठीण वाक्यं चालू असताना माझी विळी खाली मानेनं चालू होती, म्हणून ती वाक्यं व्याख्यानात राहिली. आणि जे माझ्या आत जाऊन बसलं ते तुम्ही एकेक करून वेचून फेकलंत. एवढंच सांगायचं होतं. पण त्या जिन्यात मला आधी लाज वाटली. इतके दिवस कुणीतरी माझ्या हातांचा आवाज एवढ्या लक्ष देऊन ऐकत होतं! बाई माणूस, नवरा नसलेली, परक्या घरात खाली बसून भाजी चिरते, आणि तिच्या थांबण्याची कुणीतरी नोंद घेतं. वाईट काही नव्हतं त्यात, तुमच्या मनात तर मुळीच नव्हतं. तरी मला कुणी उघडं पाहिल्यासारखं वाटलं. मी वाचत असताना मिस्टर माझ्याकडे बघायचे, त्यानंतर माझ्याकडे इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं. त्यानंतर मी भाजी घरूनच चिरून डब्यात न्यायला लागले. माझं मला वाटलं, आवाजच नसला तर तुम्ही मोकळे व्हाल, कुठलं वाक्य ठेवायचं आणि कुठलं नाही ते माझ्यावर अवलंबून राहणार नाही. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, "आज भाजी नाही?" मी म्हटलं, "आणलीय चिरून, वेळ वाचतो." तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे. वेळ वाचायलाच हवा." आणि तुम्ही खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत नेलीत. त्यानंतर आपण पेपर वाचला, भाव बोललो, पाण्याच्या वेळा बोललो. उत्प्रेरकाबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. त्याच थंडीत तुम्ही गेलात, झोपेत, कुणाला त्रास न देता. मी सकाळी आले तेव्हा दार शेजारच्या काकूंनी उघडलं.

तुम्ही गेल्यावर मी अप्पा बळवंत चौकातून जुनी अकरावी-बारावीची रसायनशास्त्राची पुस्तकं आणली. पुढे मुलानं मोबाइलवर मराठीत मिळेल ते काढून दिलं, जे इंग्रजीत होतं ते शब्दकोश घेऊन वाचलं. रोज थोडं. सगळं कळतं असं नाही. चौकट धातूला नेमकी कशी धरते ते मला अजून नीट समजलेलं नाही. पण तुम्ही सांगितलेलं कुठे भेटलं की ओळखू येतं, आपल्या माणसाची गाठ पडावी तसं. दोनदा मला तुमच्याशी भांडावंसं वाटलं. भांडण्याइतकं कळलंय, एवढं तरी तुम्हाला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण तुमची मुलगी. तुमचं घर इतकी वर्षं क्लासच्या मुलांना भाड्यानं दिलेलं होतं. आता इमारत पाडून नवी होणार आहे, म्हणून ती आवरायला आली आहे. मला फोन केला, मावशी, स्वयंपाकघर तुम्हीच आवरा, तुमचंच आहे ते. माळ्यावरची पातेली काढून आम्ही पुसत बसलो होतो. तिचे केस पिकलेत, सर. नाक अगदी तुमचं. एकदम ती म्हणाली, "मावशी, ॲक्चुअली बाबा नेमकं काय करायचे हो? म्हणजे, सायंटिस्ट, ते ठीक आहे. पण काय? माझ्या मुलीनं परवा विचारलं आणि मला धड सांगता येईना. कॉलेजात असताना मला उलट लाज वाटायची, सगळे प्लॅस्टिकच्या विरुद्ध मोर्चे काढायचे आणि माझे बाबा पिशव्या करणारे. तुमच्याशी बोलायचे ना ते?" तुम्ही जन्मभर ज्याची वाट पाहिलीत तो प्रश्न तुमच्याच स्वयंपाकघरात तुमच्याच मुलीनं विचारला होता. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "मला काय कळतंय, ताई. मी पोळ्या करायचे." तोंडातून आपोआप आलं. आमच्यात असंच म्हणायची रीत आहे. शिकलेल्या माणसासमोर आपण होऊन "कळतं" म्हणणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, "हो, सॉरी, मी पण काय विचारतेय," आणि पातेलं कागदात गुंडाळायला लागली.

घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही, ते लाजेमुळे. ते मी स्वतःला थोडंफार माफ केलं आहे. पण या वेळी लाजही नव्हती. नुसती सवय होती. तुम्हाला वाटत राहिलं की ते कळण्यासारखं नव्हतं. कळलं होतं, सर. एका माणसाला तरी, तुमच्या समोर जमिनीवर बसलेल्या, पहिल्या महिन्यापासून कळत होतं. तुम्ही चांगलं सांगत होतात. बाईंना तुम्ही दाराचं आणि चौकटीचं वाक्य सांगितलं असतंत तर त्यांचाही हात थांबला असता, याबद्दल मला शंका नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, आणि टाकायचं म्हणून मी ते लिहिलंही नाही. लिहिल्याशिवाय उद्या तिच्याकडे जायला पाय उचलणार नाही, असं वाटलं.

इथवर लिहून मी कागद ठेवून दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून मी तुमच्या घरी गेले. ताईला म्हटलं, "बसा जरा. काल विचारलंत ते सांगते." तिला शेपट्यांचं सांगितलं, थंडीत सगळेच टिकतात ते सांगितलं, दाराचं आणि चौकटीचं सांगितलं, दांड्यावरच्या पांढऱ्या पिळाचं सांगितलं. मग सांगितलं की काम झाल्यावर तो धातूचा अणू कुणी बाहेर काढत नाही, इतका थोडा असतो की तो पिशवीतच राहून जातो, दिसत नाही इतकंच. "बाबा असं म्हणायचे?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ते तुम्ही कधी म्हणाला नव्हतात, सर. ते मी नंतर वाचलं होतं.